इथे सोडून कुठेही

(हॉल. मोठा टीव्ही, त्याखाली खेळाचा कन्सोल, समोर सोफा. सोफ्याच्या कोपऱ्यात वडील. मुलाच्या हातात नुकतंच फोडलेलं खोकं. जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून सून.)

मुलगा — …आणि शेवटी माणूस म्हणजे तरी काय, बाबा? माणूस म्हणजे त्याचं स्वातंत्र्य. जो एका जागेला बांधला गेला, तो संपला. खेळ माणसाबरोबर चालला पाहिजे, माणूस खेळापाशी अडकून पडता कामा नये. म्हणून हे आणलं. हातात मावतं. कुठेही बसा आणि खेळा.

वडील — कुठेही?

मुलगा — अगदी कुठेही.

वडील — मग हा सोफा बरा आहे.

मुलगा — म्हणजे, इथे सोडून कुठेही.

वडील — असं होय.

सून — बाबा, त्याला सरळ बोलता येत नाही म्हणून तो इतका वळसा घालतोय. मी बोलू का?

मुलगा — तू थांब जरा. आधी त्यांना ते हातात तर घेऊ दे. बाबा, धरून बघा. किती हलकं आहे.

वडील — तेच म्हणतोय. हलकं आहे. मी जन्मभर बंदरात क्रेन चालवली. दांडा ओढला की वर किती वजन लोंबतंय ते हाताला कळायचं, डोळे मिटले तरी. टीव्हीखालच्या या मोठ्या डब्याचा कंट्रोलर धरला की निदान थोडं तसं थरथरतं. हे म्हणजे गोळ्यांचं पाकीट धरल्यासारखं वाटतं.

मुलगा — आणि पडदा बघा. एकदम सुस्पष्ट.

वडील — मुंगीसुद्धा सुस्पष्टच असते. दिसायला वाकावं लागतं.

मुलगा — थोडं जवळ धरा.

वडील — जवळ धरलं तर चष्मा पुरत नाही, लांब धरलं तर हात पुरत नाहीत. टीव्हीचं बरं आहे. तो लांब असतो आणि लांबच राहतो.

मुलगा — सवय होईल. सगळं जग आता हातातल्याकडे चाललंय. सोफ्यावर बसून टीव्हीवर खेळणं ही जुन्या लोकांची आवड झाली.

वडील — मी कोण आहे?

सून — उत्तर दे आता.

वडील — हा डबा जोडलास तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं? तुझी आई गेली, मी दिवसभर त्या खिडकीपाशी बसायचो. तू वायरी लावल्यास, माझ्या हातात कंट्रोलर दिलास आणि म्हणालास, बाबा, घर म्हणजे एका पडद्यासमोर बसलेली माणसं. जो आपला कोपरा धरून वेगळा बसला, तो संपला. तेव्हाही संपलेला मीच होतो.

मुलगा — त्या वेळी ते बरोबर होतं.

वडील — त्या वेळी तू सोफे विकत होतास.

सून — आणि आता बॅगा विकतो. बाबांचं चुकलं कुठे, सांग.

मुलगा — माझ्या नोकरीचा इथे काय संबंध? मी स्वतःसुद्धा हातातलंच खेळतो. अनुभवाने बोलतोय.

वडील — तू बाथरूममध्ये खेळतोस. फोन घेऊन आत जातोस आणि बाहेरच्यांचा अंत बघतोस.

सून — तिथे तो कुठल्या तरी राज्याचा सेनापती झालाय. परवा दार वाजवलं तर म्हणाला, वेढा पडलाय, आत्ता उठता येणार नाही.

मुलगा — विषय बाबांचा चाललाय.

सून — मग विषयावर ये. नाहीतर मी येते. बाबा, मागच्या आठवड्यात एका बाईंचा फोन होता माझ्याकडे. विम्याचा दावा होता. नवरा गेलेला, कागद अपुरे, दावा नामंजूर. ते मला तोंडावर सांगायचं होतं, व्हिडिओवर. मी चेहरा जमेल तेवढा दुःखी केला. आणि मागून तुमच्याबरोबर खेळायला येणारे ते दातवाले डॉक्टर ओरडले, पाड त्याला, पाड, मान धर, उठू देऊ नकोस.

वडील — कुस्ती चालली होती. तो जिंकत होता.

सून — त्या बाईंना तसं कळवता आलं नाही मला.

वडील — त्याने आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं, आता स्वतः उघडतो. मी सांगीन त्याला हळू ओरड म्हणून.

सून — तुम्ही याआधीही सांगितलंय. त्यावर तुम्ही दोघं हळू आवाजात भांडलात आणि मग मोठ्याने खेळलात. मला लेखी ताकीद आलीय, बाबा. कंपनीने ऑफिस बंद केलं, सगळ्यांना घरी बसवलं, आणि आता म्हणतात मागे माणसं दिसता कामा नयेत. भिंत हवी. शांत, रिकामी भिंत. या घरात तशी भिंत एकच आहे आणि तिच्यासमोर तुम्ही बसता.

वडील — मी आवाज बंद करून खेळतो.

सून — तुम्ही दिसता.

वडील — झोपायच्या खोलीत तुला नाही का बसता येत?

सून — तिथे मागे पलंग दिसतो. नवरा गेलेल्या बाईशी पलंगावरून बोलू?

वडील — मग टीव्ही माझ्या खोलीत न्या. मी आत, तू बाहेर.

मुलगा — मोजून बघितलं मी. तुमची खाट आणि टीव्ही दोन्ही ठेवले तर दार उघडत नाही.

वडील — मोजलंस सुद्धा.

मुलगा — सगळे पर्याय बघितले, बाबा. म्हणून तर हे आणलं. यात हेडफोन लागतात. कानात घातले की आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही.

वडील — आणि मला?

मुलगा — तुम्हाला खेळ ऐकू येईल.

वडील — तुम्ही नाही.

मुलगा — त्याला फायदाच समजा.

वडील — आणि दातवाल्याने काय करायचं? मोठ्या डब्याला दोन कंट्रोलर आहेत. हे एकाच्याच मांडीवर मावतं. त्याने काय माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसायचं?

सून — त्यांनाही असं एखादं घेता येईल की. तुम्ही तुमच्या घरी, ते त्यांच्या घरी. जोडून खेळता येतं म्हणे.

वडील — त्याला दिलंय त्याच्या मुलीने. असंच. हातात मावणारं.

मुलगा — बघा. मग डॉक्टर तरी ते का वापरत नाहीत?

वडील — ते दिलं तेव्हापासूनच तो इथे यायला लागला.

सून — हे मला माहीत नव्हतं.

वडील — तो सांगत नाही. म्हणतो, मुलीने प्रेमाने दिलंय. आता मला एक सांग. हे दाराआड काय उभं आहे?

मुलगा — कुठे?

वडील — चाकांची बॅग. नवी कोरी. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही.

मुलगा — ती… कंपनीतून मिळाली. कर्मचाऱ्यांना सवलतीत देतात.

वडील — यंत्र एवढंसं आणि बॅग एवढी?

सून — सांग ना आता. की त्यासाठीही खोकं फोडायचंय?

मुलगा — बाबा, दादाशी बोललो मी. एक तारखेपासून तुम्ही तिकडे. कायमचं असं नाही. म्हणजे, बघू. त्याच्याकडे खोली आहे, गॅलरी आहे, खाली बाग आहे. जागा बदलली की माणूस ताजा होतो.

वडील — दोघांनी ठरवलंत.

मुलगा — चौघांनी. वहिनीही होती फोनवर. म्हणाली, बाबा आले तर आनंदच आहे, फक्त तो खेळाचा डबा नको. पोराची परीक्षा आहे, तिने टीव्हीसुद्धा काढून टाकलाय घरातून. मग मी विचार केला, बाबा तिकडे करतील काय? मला तुमची काळजी वाटली. म्हणून दुकानात गेलो, चार लोकांना विचारलं आणि हे घेतलं. टीव्ही लागत नाही, वायर लागत नाही.

वडील — म्हणजे मी तिकडे जायचं हे आधी ठरलं. स्वातंत्र्य नंतर आलं.

मुलगा — तुम्ही प्रत्येक गोष्टीचा वाकडा अर्थ काढता.

वडील — क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की एक गोष्ट कळते. वस्तू उचलायची ती ठेवायची कुठे हे आधी ठरवून. लोंबकळत ठेवून विचार करत बसायचं नसतं. त्या हिशोबाने तुम्ही काम चोख केलंत.

सून — बाबा, माझ्यावर राग धरा हवं तर. नोकरी गेली तर या घराचे हप्ते याच्या बॅगांवर भागत नाहीत. मी रोज त्या लॅपटॉपवर लोकांना नाही म्हणते. तुम्हाला म्हणायला मला जमत नव्हतं, म्हणून याला पुढे केलं. याने स्वातंत्र्याचं भाषण केलं. यापेक्षा मीच बोलायला हवं होतं.

वडील — तू निदान कागद अपुरे आहेत असं म्हणाली नाहीस. बरं. लाव ते. बघू काय चालतं त्यावर. माझी गाड्यांची शर्यत आहे का?

मुलगा — सगळं आहे. तुमचं अर्धवट राहिलेलंसुद्धा पुढून सुरू होईल.

सून — शर्यतीत हे सिग्नलला थांबतात. एकदा बघत बसले होते मी. मागून सगळ्या गाड्या निघून गेल्या आणि बाबा हिरवा होण्याची वाट बघताहेत.

वडील — लाल होता. शेवटचा आलो. आलो तर खरा, गाडीला ओरखडा नाही.

मुलगा — हे बघा, चालू झालं. जोडतंय. थोडा वेळ लागतो पहिल्यांदा.

वडील — डब्याचा दिवा का लागला?

मुलगा — कुठल्या?

वडील — टीव्हीखालच्या. मोठ्या डब्याचा. मी हात लावलेला नाही. आपला आपणच लागला.

मुलगा — योगायोग असेल.

सून — दे इकडे ते खोकं. कुठे लिहिलंय… पुढे सगळं मोठ्या अक्षरात, मोकळे व्हा, कुठेही खेळा. बाजूला बघू. हे काय आहे? “या यंत्रात खेळ स्वतंत्रपणे चालत नाहीत. घरातील कन्सोलवर चालू असलेला खेळ यात दिसतो. घरातील कन्सोल आवश्यक.”

मुलगा — दाखव.

सून — चार लोकांना विचारलंस म्हणे. त्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं?

वडील — मला कळेल असं सांगा कुणीतरी.

सून — खेळ त्या मोठ्या डब्यातच चालतो, बाबा. यात नुसतं त्याचं चित्र येतं. तो बंद पडला की हेही बंद.

वडील — म्हणजे ही खिडकी आहे. घर ते.

मुलगा — एक मिनिट. त्याने काही बिघडत नाही. इंटरनेटवरून चालतं हे, खाली लिहिलंय. बाबा दादाकडे बसतील, डबा इथे चालू राहील आणि खेळ तिकडे दिसेल. उलट बरंच झालं.

सून — डबा मी माझ्या भावाच्या मुलाला कबूल केलाय. रविवारी न्यायला येणार आहेत.

वडील — तेही ठरलं होतं.

सून — हो. तेही.

मुलगा — त्यांना नाही म्हणून सांग. डबा इथेच ठेवावा लागेल. आणि कायम चालू.

वडील — हॉलमध्ये?

मुलगा — जिथे आहे तिथेच. हलवायचं कारण नाही.

वडील — सूनबाई, तुझ्या व्हिडिओत मागे दिसेल की तो. दिवा लागलेला.

सून — दिसला तरी चालतो. वस्तू चालतात, बाबा. माणसं चालत नाहीत.

वडील — म्हणजे मी इथे बसायचं नाही आणि माझा खेळ इथेच बसेल. तू लोकांना नाही म्हणशील आणि तुझ्या मागे माझी गाडी सिग्नलला उभी असेल.

सून — आवाज नाही ना येणार?

मुलगा — टीव्ही बंदच असेल. आवाज तिकडे. बाबांच्या कानात.

वडील — दातवाल्याला काय सांगायचं ते मात्र ठरवा. तो चारला येतो.

सून — मी सांगीन.

वडील — चेहरा करू नकोस फार. त्याला कळतं. चल, आण ती बॅग. कुलूप कसं उघडतं तिचं?

मुलगा — आकड्यांचं आहे. तुमचा वाढदिवस टाकलाय, लक्षात राहावा म्हणून. बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रोज संध्याकाळी तिकडे बसून आरामात खेळाल, बघा. दादाच्या वाय-फायला जोडलं की झालं.

वडील — थोरल्याकडे वाय-फाय नाही.

मुलगा — नाही म्हणजे?

वडील — टीव्हीबरोबर तेही काढलं. नातू फोनवर रडत होता त्या दिवशी. तुमच्या चौघांच्या बोलण्यात निघालं नाही वाटतं.

मुलगा — मग दादाच्या मोबाइलवरून घेता येईल.

वडील — तो सकाळी मोबाइल घेऊन कामाला जातो, रात्री झोपायला येतो.

मुलगा — तुमच्या मोबाइलवरून?

वडील — माझा बटणांचा आहे. तूच दिलास. वापरायला सोपा म्हणून.

सून — परत करून टाक ते दुकानात.

मुलगा — खोकं फोडलं ना. फोडलेलं घेत नाहीत.

वडील — राहू दे. यात कोपऱ्यात वेळ दिसते ती मोठी करता येते का?

सून — येत असेल. बघते मी. हो, येते.

वडील — मग झालं. तिकडे उशाशी ठेवीन. घड्याळ म्हणून.

मुलगा — बाबा, वेळसुद्धा ते वाय-फायवरूनच घेतं.