विल्फचा खोकला

हॅलो? … कोण, बेरिल? … अगं जरा मोठ्याने बोल, इथे स्वयंपाकघरात गलका चाललाय नुसता. … हो, हो, झाला चहा. छान झाला. … नाही, नाही सांगितलं अजून. … अगं ऐक ना! घर विकतेय, बहिणीकडे, म्हणजे तुझ्याकडे, केंटला कायमची राहायला जातेय, हे सांगायलाच तर चॅपेलमधल्या सगळ्या मैत्रिणींना चहाला बोलावलं होतं. … अगदी ओठांवर आलं होतं. पण मध्येच चीज निघालं. … चीज गं, चीज!

… मी कशाला ठेवीन? हॅमची सँडविचेस, स्कोन आणि सुकामेव्याचा मोठा केक, एवढंच. … हो ना, इथे यॉर्कशरमध्ये त्या केकबरोबर चीज खातात. लग्न होऊन आले तेव्हाच मी नाक मुरडलं होतं, हे उंदरांचं खाणं माझ्या टेबलावर नको म्हणून. … हसू नकोस, पुढचं ऐक. मी किटली भरायला आत गेले, परत येते तर सगळ्या जागच्या जागी थिजलेल्या! तोंडं भरलेली, शेजारच्या एडिथची पर्स उघडी, आणि आत रुमालात ही एवढी चिजाची वडी!

… आजच नाही गं, दर वेळी! पहिल्यापासून! घरून आणायच्या, मी आत वळले की केकबरोबर मटकवायच्या. … विल्फला माहीत होतं म्हणजे काय, नवरा माझा, पण पहारेकरी त्यांचा! मी येताना दिसले की दारात उभा राहून खोकायचा. … हो ना! आणि मी मेली त्याला छातीचं औषध पाजत होते! बिचारा मुकाट्याने प्यायचा गं…

तो गेल्यावरचा पहिलाच चहा ना हा. खोकायला कुणी नव्हतं, म्हणून सापडल्या. … नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय थोडी. … राग कसला? मला वाईट वाटू नये म्हणून चिजाच्या वासाच्या पर्सा घेऊन हिंडल्या इतकी वर्षं. कुठे फेडू हे उपकार? … काय करणार? बसले एडिथशेजारी, हात पुढे केला, म्हटलं, आण इकडे. … खाल्लं की! … अगं, चांगलं लागतं! … हो, हो, म्हण मला मूर्ख, आज सगळं ऐकून घेते.

… खोलीचं ना? … बेरिल, तू माझ्यासाठी भिंती रंगवल्यास, पडदे शिवलेस, ते मी विसरायची नाही. पण नाही येत गं मी. … एकटी? … थांब हं… अगं मेबल, त्या बशा खालच्या फळीवर! … सगळ्याजणी भांडी घासतायत, मला हात लावू देत नाहीत. … येईन ना, उन्हाळ्यात येईन. पाहुणी म्हणून. … चल, ठेवते आता. घरात माणसं आहेत माझ्या.