मादोनाने माफ केलेला नवस

मूकपटात पडद्यावर अक्षरं आली की वाचता येणाऱ्याने शेजारच्याला ती मोठ्याने वाचून दाखवायची, ही नेपल्सच्या सिनेमागृहातली रीतच होती. शिवणकाम करणारी नुन्झिया एकटीच आली होती, म्हणून मनात वाचत होती. पुढच्या रांगेत असुन्ता आपल्या म्हाताऱ्या आईला वाचून दाखवत होती.

"काय म्हणतेय गं ती मादोना मेरीच्या मूर्तीपुढे?"

"म्हणतेय, माझा खलाशी वादळातून सुखरूप आला, आता आमचं लग्न होऊ दे."

नुन्झियाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'तो वाचला. नवसाप्रमाणे मी मठात जाते.'

"अगं, पण मठात जायचा नवस बोलली होती ना मघाशी?"

"मादोनाने माफ केला, आई. म्हणाली, पोरीच्या संसाराआड येऊन मला काय मिळणार?"

"असं म्हणाली? मग तुझ्या तापात, तुला मठात घालीन म्हणून मी नवस बोलले होते, त्याचं काय?"

"तिलाच विचार की."

"जीभ आवर. आणि हिचे केस का कापताहेत?"

मठात जोगीण होताना केस कापतात, ते असुन्ताला सांगता येणार नव्हतं. नुन्झिया पुढे वाकली.

"उवा झाल्यात हो तिला. तसंच लिहिलंय."

"लग्नाच्या तोंडावर उवा?"

"जहाजावरच्या असतील, आई. खलाशाबरोबर आलेल्या."

म्हातारी लेकीकडे वळली.

"तुझा तो आनिएल्लोपण खलाशीच ना?"

"हो."

"रविवारी जेवायला बोलाव त्याला. पण डोकं धुऊन ये म्हणावं."