अकरा केस आणि दोन जावा

मंडळी, चपला बाहेर ठेवून आत आलात. छान केलंत! पण शेजारणीची साडी बघून पोटात जी कळ आली, ती आत घेऊनच आलात ना? हसू नका, मीही आणली आहे.

आज देवीपुढे एकच प्रश्न ठेवते. दुसरीची एखादी गोष्ट बघितली आणि आपल्याला ती हवीशी वाटली — तर ती खरंच हवी असते, की तिच्याकडे आहे एवढंच सहन होत नाही? कसं ओळखायचं? सांगा! … भार्गवकाका, तुम्ही पेटी वाजवा, तुम्हाला नाही विचारलं.

ऐका तर. मिरजेत एक घर, घरात दोन जावा. थोरली हेमांगी, शाळेत ग्रंथपाल. हुशार, कामसू, आणि हनुवटीवर केस. अकरा! मी नाही मोजले, तिनंच मोजले होते. काळे, राठ. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावायची, खिडकीच्या उजेडात आरसा धरायचा आणि चिमटा चालवायचा. पंधरा मिनिटं! नवरा दार वाजवतोय — "अगं, झालं का?" आतून उत्तर — "डोळ्यात साबण गेलाय!" बारा वर्षं, मंडळी, रोज डोळ्यात साबण जातोय! आणि नवऱ्याला काही शंका नाही. नवरेच ते!

धाकटी ऋजुता. तिची हनुवटी कशी? शहाळ्यातली मलई! पाहुणी आत्या यायची, तीच हनुवटी धरायची — "काय गं ही कांती!" आणि हेमांगी स्वयंपाकघरात कणीक अशी तिंबायची, अशी तिंबायची, की त्या दिवशी पोळ्या फार मऊ व्हायच्या. मत्सराचा तेवढाच काय तो उपयोग!

एके दुपारी हेमांगी शाळेतून घरी चालली होती. काय झालं? तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत डॉक्टर मुल्लाबाईंचा दवाखाना, वरच्या मजल्यावर. खाली पाटी — 'नको असलेले केस विजेच्या सुईने कायमचे काढून मिळतील.' त्या जिन्यावरून उतरतंय कोण? ऋजुता! हनुवटीवर ओढणी, ओढणीआड लाल लाल कातडी.

म्हणजे ती मलई जन्मजात नव्हतीच! हेमांगीला बरं वाटलं असेल? छे! ती पेटली! "एका घरात राहते, आणि माझ्यापासून लपवते?" — आणि बाईसाहेब, तुमचा चिमटा कुठे असतो? कपाटात, जुन्या मोज्याच्या आत! पण ते लपवणं वेगळं, नाही का?

तिसऱ्या दिवशी हेमांगी तोच जिना चढली. "डॉक्टर, माझ्या धाकट्या जावेचं केलंत तसं करून द्या. आणि तिच्या आधी संपलं पाहिजे."

डॉक्टरबाई शांत. "इथे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही. तुमची हनुवटी दाखवा. पाळी नियमित आहे? केस एकदम वाढले की हळूहळू? आधी रक्त तपासू. आत काही कारण असेल, तर मी एक काढीन आणि शरीर दुसरा उगवील."

मग त्यांनी रीत सांगितली. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई, मला ती आवडली, म्हणून तुम्हालाही सांगते. केसाच्या कडेनं केसाएवढी बारीक सुई मुळापर्यंत जाते. क्षणभर वीज सोडतात. मूळ मरतं. एका वेळी एकच केस! काही मुळं झोपलेली असतात, ती महिन्या-महिन्यांनी जागी होतात, म्हणून वर्ष-दीड वर्ष जात राहायचं. दुखतं. लाली येते. सावळ्या कातडीवर कधी डागही राहतो.

"चालेल!" हेमांगी म्हणाली. ऋजुताला चाललं, मग हिला का नाही चालणार?

"आणि चिमटा बंद," डॉक्टर म्हणाल्या. "केस उपटलात तर सुई कशाच्या कडेनं आत घालू? हवं तर कात्रीनं कापा. पण यायच्या आधी चार दिवस तेही नाही. केस मला दिसला पाहिजे."

दिसला पाहिजे! मंडळी, बारा वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही, ते चार दिवस तोंडावर घेऊन फिरायचं — आणि कुणासमोर? ऋजुतासमोर!

रक्तात काही निघालं नाही. पहिली तारीख आली. आदल्या संध्याकाळी ऋजुता सहज म्हणाली, "वहिनी, चेहरा का झाकताय? दात दुखतोय?" झालं! आत जाऊन अकराच्या अकरा उपटले. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी नात्यात लग्न. फोटोत दोघी जावा शेजारी उभ्या राहणार! पुन्हा चिमटा.

डॉक्टरबाईंनी भिंग खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला हे करायचंच आहे का? नाही केलं तरी चालतं. पुष्कळ जणी कात्री वापरतात आणि सुखात असतात. एक करा. तुमच्या मनात जी कोणी आहे, ती कायमची परदेशी गेली असं समजा. मग सकाळी आरशासमोर काय वाटतं, ते मला येऊन सांगा."

तिसरी तारीख पडली ती नेमकी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी! घरात तीस बायका. हेमांगी हनुवटीवर पदर ओढून आंब्याची डाळ वाटतेय. आणि करंडा घेऊन समोर कोण आलं? कुंकू लावायचं तर तोंडासमोर तोंड आणावं लागतं! पदर सरकला. ऋजुताचं बोट थांबलं.

हळूच म्हणाली, "किती दिवस झाले, वहिनी?"

"…चार."

"बोटं शिवशिवतात ना?"

हेमांगीचा तोल गेला. दबक्या आवाजातच, पण गेला. "तू केलंस आणि मला बोलली नाहीस! मी काय परकी?"

"तुम्हाला सांगू?" ऋजुता म्हणाली. "मला बघायला आला होतात तेव्हा आमच्या ओसरीवर सासूबाईंच्या कानाशी लागलात — 'मुलगी बरी आहे, पण हनुवटी नीट बघा, केस आहेत.' मी पोह्यांच्या बशा घेऊन दारामागेच होते."

इतकी वर्षं सोयीनं विसरलेलं हेमांगीला आठवलं. त्या दिवशी आधी तिला केवढा आनंद झाला होता — आपल्यासारखी एक भेटली! आणि पुढच्याच क्षणाला तिनं बोट दाखवलं. सगळ्यांचे डोळे तिकडे गेले की आपल्याकडे कोण बघणार?

"चुकलं माझं, ऋजुता."

ऋजुतानं कुंकू टेकवलं. "उद्या जाताय ना? उपटू नका." आणि ती पुढच्या बाईकडे वळली. माफ केलं? तसं काही म्हणाली नाही.

सकाळ झाली. कडी लावलेली, हातात चिमटा. हेमांगीनं मनातल्या मनात ऋजुताला विमानात बसवलं. पाठवलं सातासमुद्रापार! आणि आरशात बघितलं. तरीही चिमटा हातातच होता. कडी लागलेलीच होती. बाहेर नवरा, आत खोटं. हे तिला नको होतं. जाऊ असो वा नसो, नको होतं!

तिनं कडी काढली. "अहो, माझ्या हनुवटीवर केस आहेत. ते काढायला चालले आहे."

नवरा म्हणाला, "बरं. मग मी आत जाऊ का आता?"

बघा! बारा वर्षं जिला घाबरली, ती गोष्ट एवढी!

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय वाटलं?"

"ती नसली तरी मला हवंय."

"मग झोपा." पहिली सुई गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मत्सर गेला का? एका दिवसात? परवा आत्यानं पुन्हा ऋजुताची हनुवटी धरली, आणि पोळ्या मऊच झाल्या!

तर मंडळी, सुई टोचून घ्या नाही तर घेऊ नका. तो प्रश्न तुमचा आणि डॉक्टरांचा. मी वेगळंच विचारते. गोष्ट चालू असताना हात आपल्या हनुवटीवर आणि डोळे शेजारणीच्या — कितीजणींचे होते? मी इथून बघत होते! पुरुष मंडळी, तुम्ही शेजाऱ्याच्या टकलावर होतात!

आणि आता खरं सांगा. आज जिच्यावर जळता, तिच्याविषयी कधीकाळी कुणाच्या कानाशी लागून काय बोललात? आठवतंय? दारामागे कोण उभं होतं, ते तेव्हा बघितलं होतंत का?

उठा. आरती घेऊ.