खोटं न बोलणारा लढवय्या

नाई, नाई, पयले बस तं खरी, मेघा — दवाखाना काही पळून नाई चालला. त्याची माय, इंदूबाई, आहे ना पोरापाशी, सकाळपासून. तुमच्या रविवारच्या टोळीतले बाकीचे तिथंच असतील, नाई का, वॉर्डात, फासे अन् कागदं घेऊन? सिस्टर रागावली नाई? नाई रागावत आता. आता कोणी काही म्हणत नाई, तेच तं — चहा ठेवू का वं?

तुले ठाऊक आहे, तुमच्या त्या खेळात ज्यायचं सोंग घेऊन गोष्ट रंगवता, त्यातले अर्धे लोक माझ्या वाचनालयातून निघाले? हसू नको. तीस वर्षं झाली मले तिथं शिपाई होऊन, पुस्तकं झटकता झटकता वाचली. रोशनले दुखणं उठलं का शाळा बंद, मंग तो माझ्यासंगं येऊन टेबलाखाली चादर टाकून पडून राहे. "बाबा, हा चोर कुठून आला?" असं खेळाच्या पुस्तकात बोट ठेवून इचारे. मी सांगो — तो हिंदीतल्या जुन्या तिलिस्मी, जादूच्या कादंबऱ्यांतला ऐयार, वेष बदलणारा हेर, कमरेले बटवा, बटव्यात बेहोशीची पुडी. जादूगार रोज सकाळी मंत्र पाठ करते अन् एकदा म्हटला का साफ विसरते, तो कोण्या परदेशी लेखकाच्या डोक्यातला. पुरोहिताच्या वेळेस मात्र अडलं. देवाचं नाव घेऊन जखमा भरते म्हणे! रोशन म्हणे, आपल्या बौद्धांच्या घरात हे चालत नाई. खोडला त्यानं पुरोहित, अन् झाडपाल्याचा वैदू केला. गाणाऱ्या भाटाचा शाहीर केला, डफवाला — तूच घेतला ना तो? अन् बुक्क्यांनी लढणारा भिक्खू पाहून इंदूबाईनं कागदच ओढला, भंतेजी काय मारामारी करतात काय रे? पोरगं हसलं, हसता हसता बरगड्या धरून बसलं. मी एकदा इचारलं, हे म्हणजे यायच्या जाती का बे? तं केवढा चिडला! नाई बाबा, म्हणे, इथं आपलं काम आपण निवडाचं, जन्मानं काही भेटत नाई.

मले कुठं निवडू देल्लं पण? मलेही खेळात ओढलं अन् माझं सोंग त्यानंच लिहून टाकलं — शपथेचा लढवय्या. परदेशातल्या राजेलोकांच्या जुन्या कथांतला, खोटं बोलला का त्याच दिवशी हातातलं बळ गेलं. मी म्हटलं, मले चोर दे गा. नाई म्हणे, बाबा, तुम्ही कधी खोटं बोलले नाई, तुमच्यासाठी हाच.

अन् आता नाकाले नळी लावून अडून बसला म्हणतेस — खेळातली गोष्ट राजदरबारात आली, लढवय्याले उभं राहून शपथ घ्याची आहे का आजवर खोटं बोललो नाई, बाबा आल्याशिवाय फासा टाकत नाई. तू बोलवाले आली, कळलं मले. पण काल डॉक्टरनं काय सांगतलं ते सांगतलं का तुले कोणी? फुप्फुसं भरली. दोन दिवस, फार तं तीन. म्हणूनच मले जाता येत नाई. काहून? काहून म्हणजे —

पोराले आहे तो रक्तातला सिकलसेल कसा येते माहीत आहे ना? एकाच्या रक्तात अर्धा असला तं त्याले काही होत नाई, मजेत हिंडते. नवरा-बायको दोघंही तसेच निघाले तं पोराच्या वाट्याले पुरा येऊ शकते. माझ्या लग्नाआधी समाजभवनात त्याच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं, बोटाले सुई टोचली, आठ दिवसांनी कार्ड देल्लं. माझ्यात अर्धा निघाला. पोरगी पाहाले जाशील तेव्हा हे दाखवजो, असं कार्ड देणाऱ्या बाईनं तीनदा बजावलं. मी कार्ड नाग नदीत फेकलं. सासरे मास्तर, सुधारलेले, त्यायनं समोर बसवून इचारलं, तपासणी केली का जी? मी म्हटलं, केली, काही नाई निघालं. मंग इंदूबाईची कोणी केलीच नाई. मले ती आवडली होती वं, दुसरं काही नाई. पोरगं सात महिन्यांचं असताना हातपाय सुजले, डॉक्टरनं आमचं दोघांचं रक्त काढलं, अन् मी असं तोंड केलं का जसं मलेही आजच कळून राहिलं. चोवीस वर्षं झाली, इंदूबाई अजून म्हणते, तुमची तं तपासणी चुकली, मी मात्र केलीच नाई, दोष माझाच. मी तिले पाणी देतो.

तू काहून रडून राहिली? तुले सांगाचंच नव्हतं मले — काय बोलून बसलो.

सांगून टाकू म्हणतेस? त्याले? आता? अंगात श्वास नाई पोराच्या, त्याच्याजवळ उरलं काय — एक माय अन् एक खोटं न बोलणारा बाप. तोही काढून घेऊ? अन् नाई सांगत तं त्याच्या डोळ्यात पाहून शपथ घेऊ? तेही नाई होत. दोन्ही नाई होत माझ्याच्यानं. रात्रभर पाहून घेतलं, मेघा, तिसरी वाट नाई.

उठ. चहा राहू दे. इंदूबाईले एक शब्द सांगशीन तं पाहाय — नाई, सांगणार नाईस तू. त्याले सांग, बाबाले सुट्टी नाई भेटली. वाचनालयात पुस्तकांची मोजणी चालू आहे, साहेब सोडून नाई राहिले.

आज रविवार, वाचनालय बंद असते, हो. त्याले ठाऊक आहे, मलेही ठाऊक आहे. तरी असंच सांग. जा.