नवरदेवाची मोटार आणि पितळी झाकण

...आणि परत बंद! अहो, तुम्हाला सांगते, म्हसळ्याहून दिघीला जायचं, तर तेवढ्यात तीनदा बंद! आणि आत कोण? नवरदेव! माझा हरेश्वर, मांडीवर बाशिंग धरून घामाघूम! लग्न खाडीपलीकडे मुरूडला, दिघीला न्यायला शिडाचा पडाव तयार, भरतीचं पाणी आहे तोवर सुटला तर मुहूर्त गाठायचा, पाणी उतरलं की पडाव चिखलात आणि नवरी बोहल्यावर एकटी! बाकी वऱ्हाड पहाटेच बैलगाड्यांनी निघालेलं. आम्ही तेवढे मागून... का? मोटार आमची आहे हो!

तुम्ही म्हणाल, कसली मोटार? एका साहेबाने टाकून दिलेली, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात! आमच्या ह्यांनी बैल जुंपून घरी आणली, गोठ्यातली म्हैस अंगणात बांधली आणि दोन वर्षं खपून खिळा न् खिळा घासला. काचेपुढे पेट्रोलची टाकी, टाकीवर पितळी झाकण, देवाच्या तांब्यासारखं लखलखीत! रोज देवळापर्यंत जाऊन यायची, कधी रुसली नाही. आणि आजच...

"पेट्रोल पोचत नाही," हे म्हणाले. झाकण उघडलं, बांबूची काडी बुडवली, पेट्रोल भरपूर! मग नळी काढली, तोंडाने फुंकली, थू थू करत हँडल मारलं... चालू! "बघितलंस? कचरा होता." मी म्हटलं, हुशार माणूस हो! पुढच्या वळणाला... फुर्र, फट्, बंद! पुन्हा झाकण, काडी, नळी, थू थू, चालू! तेवढ्यात मघाशी मागे टाकलेल्या गाड्या पुढे निघाल्या की! ह्यांची बहीण, आमच्या चंद्रावन्सं, गाडीतून ओरडतात, "वहिनी, एक बैल सोडू का तुमच्या मोटारीला?" सगळं वऱ्हाड खो खो! मी पदर नीट केला आणि ताठ बसले. बंद का असेना, मोटार आमची आहे हो!

तिसऱ्यांदा बंद पडली आणि हे म्हणतात, "हरेश्वरा, उपरणं दे, पेट्रोल गाळतो."
"अण्णा, लग्नाचं आहे!"
"मग? नवंकोरं आहे म्हणूनच मागतोय!"

आणि ह्यांनी झाकण फिरवलं तेव्हा मला ऐकू आलं... फुस्स! आत वारा ओढल्यासारखं. अगंबाई! घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार धरते का? दुसरं पाडावं लागतं, वारा आत जायला! मी झाकण निरखलं. मध्ये बारीकसं भोक असणार, पण दिसतंय कुठे? हे रोज सकाळी आंघोळ करून तिथेच गंध लावतात, "मोटारीचं तोंड आहे ते" म्हणून! गंधावर गंध, गंधावर गंध, नुसता गिलावा! देवळापर्यंत निभायचं, दिघीपर्यंत कसं निभणार?

मी हळूच म्हटलं, "अहो, ते गंध..."
"अगं, तुला काय कळतं मोटारीतलं?"

बरं बाई. ह्यांनी पेट्रोल गाळलं, नळी फुंकली, झाकण लावलं आणि हँडल मारायला वाकले, तशी मी अंबाड्यातला आकडा काढला, उभी राहिले, काचेवरून हात घातला आणि टोचला! आणि काय सांगू... जी सुटली, ती बंदरावरच! खलाशी ओरडतोय, "पाणी उतरतंय, नवरदेव कुठं हाय?" आणि आम्ही भोंगा वाजवत हजर! वन्संचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! हे खाली उतरले, मिशीवरून हात फिरवला, "शेवटची फुंकर बरोब्बर बसली." मी म्हटलं, "हो तर!"

मुहूर्त गाठला, लग्न थाटात झालं. सून दिघीहून मोटारीतून घरी आली, माझी गुणाची कोकिळा, आणि उतरल्या उतरल्या तिने काय करावं? झाकणावर मूठभर हळदकुंकू! हे गहिवरले, "सून कशी वळणाची!"

आता सकाळी सासऱ्याचं गंध, मग सुनेचं कुंकू आणि त्या दोघांची पाठ वळली की मी... अंबाडा काही केल्या टिकत नाही. पण करते काय? मोटार आमची आहे हो!