बुधवारचं वाचन बंद होणार नाही

आदरणीय अध्यक्ष, आपले पाळक नंदकिशोर लोंढेसाहेब, कमिटीचे सेक्रेटरी मिथुनभाऊ, आजचे सत्कारमूर्ती हौसेरावकाका आणि मुक्ताकाकू, आणि करंजाड्याच्या या हॉलमध्ये खुर्च्या संपल्या तरी उभं राहून ऐकणाऱ्या माझ्या मंडळीतल्या बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने तुम्हा सर्वांना सलाम.

मिथुनभाऊंनी मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि ‘नमिताताई, फक्त चांगलं बोला हं’ असं बजावून दिली आहेत. चांगलंच बोलते. गोड बोलेन असं मात्र मी कबूल केलेलं नाही.

काका साताऱ्याकडून आले. सहावीपर्यंत शिकले. उभा जन्म बाजारात कांद्याच्या गोणी वाहिल्या. पण बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते वाचायला हजर. बावीस वर्षं त्यांनी आपल्याला पवित्र शास्त्र, आपलं अख्खं बायबल, मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. नियम त्यांचेच. एकही अध्याय गाळायचा नाही. एकही ओळ दुसऱ्यांदा वाचायची नाही. आणि कुणी अर्थ सांगत बसायचं नाही. वंशावळी आल्या की ‘अमक्याला तमका झाला’ हेसुद्धा ओळीखाली बोट ठेवून पानंच्या पानं वाचायचे. हसू नका मिथुनभाऊ, तुम्ही लहानपणी तिथेच डुलक्या काढायचात.

आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काका-काकू गावी चाललेत. शाल झाली, मानचिन्ह झालं, भाषणंही छान झाली. पण आजच्या कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी एक बारीक ओळ आहे, ती कुणी वाचली का? मी वाचली. बारीक अक्षर वाचायची सवय मला काकांनी लावली. ‘बुधवारचे वाचन या महिन्यापासून बंद. त्याऐवजी रोज सकाळी ग्रुपवर एक वचन. जबाबदारी : नमिताताई.’

मला कुणी विचारलं? विचारलं नाही. मिथुनभाऊंना फोन केल्यावर कारण तेवढं कळलं. “ताई, येतात किती? नऊ जण. लोकांना टाइम नाय. तळोज्याच्या शिफ्टा, सोसायटीच्या मीटिंगा. सकाळी मोबाइलवर एक वचन पडलं की दिवस मस्त जातो. तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

तर बंधुभगिनींनो, एका ओळीवर दिवस कसा जातो, ते मी तुम्हाला सांगते. मला चांगलं ठाऊक आहे.

एक जानेवारीला उपासनेनंतर आपण टोपलीतून कार्ड उचलतो. शास्त्रातली एक ओळ, आपलं वर्षभराचं वचन. ती कार्डं अकरा वर्षं कोण लिहीत होतं? मी. अक्षर बरं म्हणून. ओळी मी कुठून घ्यायची? जुन्या कॅलेंडरांवरून, नाहीतर मागच्या वर्षीच्या कार्डांवरून. शास्त्र उघडून ती ओळ कुणी म्हटली, कुणाला म्हटली, हे एकदाही पाहिलं नाही.

सात वर्षांपूर्वी माझ्या लेकीने, मैत्रीने, कार्ड उचललं. सोळा वर्षांची होती. तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाची ओळ. माझ्याच हातची. मार्चमध्ये तिच्या डोक्यात गाठ निघाली. ते कार्ड मी इस्पितळात तिच्या उशाशी चिकटवलं होतं. ऑगस्टमध्ये माझी पोर गेली.

मग माणसं भेटायला आली. प्रेमानेच आली. चहा घेतला आणि म्हणाली, “वचन तर मिळालं होतं ना ताई? मग विश्वास कुठे कमी पडला? घरात काही पाप राहिलं असेल तर कबूल करा.” नावं घेत नाही. त्यातली काही आज पुढच्या रांगेत आहेत, आणि मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे. पण दीड वर्ष मी पाप शोधत होते. आधी माझं. मग आमच्या ह्यांचं. शेवटी त्या सोळा वर्षांच्या लेकराचं शोधायला लागले. एवढ्या थराला गेले होते मी.

रविवारी यायचं मी सोडलं होतं. बुधवारी तेवढी यायची, कारण तिथे मला कुणी काही समजावत नव्हतं. अशाच एका बुधवारी काका शास्त्रातलं एक पुस्तक वाचत होते. ज्याची सगळी लेकरं एका दिवसात गेली, त्या माणसाचं. पुस्तकाचं नाव सांगणार नाही. शोधा, म्हणजे पानं तरी उलटतील. त्याचे मित्र समाचाराला येतात, आणि आठव्या अध्यायात त्यातला एक मित्र म्हणतो, तुझ्या लेकरांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली. आणि दोन-तीन ओळींनी खाली तोच मित्र, त्याच तोंडाने, माझ्या कार्डावरची ओळ म्हणतो!

मी उठून उभी राहिले. “थांबा काका. हे देव बोलतोय का तो मित्र?”

काकांनी वर पाहिलं. “बस पोरी. म्होरं लई वाचायचं हाय अजून.”

बारा बुधवार गेले. शेवटच्या अध्यायात देव स्वतः त्या मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. काका थांबले. चष्मा पुसला. आणि बावीस वर्षांत त्या एकदाच त्यांनी एक ओळ दुसऱ्यांदा वाचली. माझ्याकडे बघून.

त्या दिवशी मी माझ्या लेकीसाठी रडले. त्याआधी नुसती घाबरत होते.

आमचे हे तळोज्यात केमिकल कंपनीत आहेत. तिथे सूचनांचा कागद पूर्ण वाचल्याशिवाय कुणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. आणि आपण आपला जीव कुणाच्या अर्ध्या ओळीवर टांगतो? शास्त्र रोज, सलग, नावडतं असलं तरी वाचल्याशिवाय विश्वास वाढत नाही. वाढतो तो नुसता भाबडेपणा. आणि भाबडी माणसं दुसऱ्याच्या जखमेत बोट घालतात. मीही अकरा वर्षं तेच घरोघर वाटलं.

म्हणून पाळकसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते. ग्रुपवरची जबाबदारी मी घेणार नाही. बुधवारचं वाचन बंद होणार नाही. कमिटीने हॉल दिला तर हॉलमध्ये, नाही दिला तर बाहेर पायऱ्यांवर.

काका, काकू, तुमचे उपकार मोठे आहेत. सुखरूप जा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर क्षमा असावी. जे बोलले त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

येत्या बुधवारी, साडेसहाला. काका जिथे थांबले तिथून पुढे. कुणीच आलं नाही तरी मी मोठ्यानेच वाचणार आहे.