दुसरं ताट कोणाचं?

...आणि फोटो काढायचाच होता तर निदान सांगून काढायचा, नाही का हो? मी गंजीफ्रॉकवर होतो! तुम्हाला सांगतो, मी घाबरलेलो नाही. फक्त जरा खिडकीपासून लांब बसू या... हं, इथं.

झालं काय, आमच्या इथल्या, जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळाची निवडणूक. अध्यक्षपदाला मी उभा आणि समोर कपिल. वयानं माझ्या निम्मा, आवाजानं दुप्पट. सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर फोटो! माझी बाल्कनी, माझं टेबल, त्यावर दोन ताटं आणि एक वाइनचा पेला. खाली कपिलचा मजकूर, "काकूंना जाऊन आठ महिने. ताटं दोन. काकांबद्दल आदरच आहे, पण मंडळाच्या प्रतिष्ठेचं काय?" बघा हा आदर! शालजोडीतला, आणि शालही माझ्याच अंगावरची!

अहो, दुसरं ताट ऊर्मिलाचं! माझ्या बायकोचंच! दर महिन्याच्या तिथीला पान वाढतो, कावळ्यासाठी. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर म्हणाले, "नागेशराव, तिकडे वडे-खीर जमत नसेल तर राहू द्या, त्यांना आवडायचं ते वाढा. भाव महत्त्वाचा." तिला आवडायचे चीजमध्ये लडबडलेले श्पेट्झले... इथल्या शेवयाच म्हणा. आणि सफरचंदाची वाइन, अर्धा पेला. तेच वाढलं. आता हे श्राद्धाचं पान आहे, हे कुठल्या मराठी माणसाला ओळखू येणार? कावळ्याला मात्र आलं! पाचव्या मिनिटाला हजर, ताट स्वच्छ. ती कधी एवढं जेवायची नाही.

"मग लिहून टाका ना ग्रुपवर!" म्हणाल. लिहितो! अहो, जिन्यात नोटीस लागलीय, लाल अक्षरांत! खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलर मला गाठून म्हणतात कशा, "हेर तांबे, कुणीतरी कावळ्यांना खायला घालतंय. माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी घाण होतात! हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, सक्त मनाई आहे. परिच्छेद नऊ!" मी म्हटलं, "अरेरे, कोण असेल?" आवाज थेट तळघरातून आला माझा. सापडेल त्यानं घर खाली करायचं, असं नोटिशीतच आहे. बावीस वर्षं राहिलो त्या घरात, दोघं. आणि इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीत कोण नोकरीला? ईप्सिता! मंडळातलीच! गोड मुलगी हो, पण नियम म्हटला की जर्मनांना घाम फोडते. ग्रुपवर मी नुसतं "कावळा" लिहायचा अवकाश, सोमवारी पत्र घरात! नशीब, फोटो कावळा यायच्या आधीचा आहे.

म्हणजे बघा, बाई नाही म्हणावं तर घर जातं, आणि कावळा लपवावा तर अब्रू जाते! मी घाबरलेलो नाही. सहा दिवस पडदे लावून बसलो, ते ऊन लागतं म्हणून.

रविवारी सभा. सत्तर माणसं, ईप्सिता पहिल्या रांगेत, हातात वही. वही कशाला लागते हो सभेला? कपिल उठला. "काका, स्पष्टच विचारतो. दुसरं ताट कोणाचं?"

मी म्हटलं, "एका बाईचं." खोटं नव्हतं हो!

"नेहमी येतात?"

"महिन्यातून एकदा."

"कधीपासून?"

"आठ महिने."

"अरे देवा!" कुणीतरी म्हणालं. संपलं, म्हटलं. तेवढ्यात मागून वासंतीवहिनी कडाडल्या, ऐंशी वर्षांची बाई, "मग काय झालं रे कपिल? चार घास जेवतो तरी! एकटा माणूस भिंतीकडे बघत किती दिवस बसेल? तू जातोस का वाढायला?"

टाळ्या! अहो, टाळ्या! अकरा मतांनी निवडून आलो. कपिल येऊन पाया पडला, "काका, चुकलो." ईप्सितानं वही मिटली. मी मात्र अजून घाबरलेलो... नाही, नाहीच!

पण आता पत्र आलंय. येत्या शनिवारी नव्या अध्यक्षांचा सत्कार, आणि सगळ्यांचा आग्रह, या वेळी जोडीनंच यायचं. खणा-नारळानं ओटी भरणार आहेत म्हणे.

आता तुम्हीच सांगा, कावळ्याला कुठली साडी नेसवू?